चुका: एकदा पेरा, तीनदा-चारदा खुडा

बाजारातून आणलेली चुक्याची जुडी मुळांसकट येते. गुलाबी झाक असलेली बारीक मुळं, त्यांना चिकटलेली शेतातली माती आणि वर पोपटी, रसरशीत पानं. घरी आल्यावर आपण जुडीचा बंद सोडतो, मुळं कापून कचऱ्यात टाकतो आणि भाजी निवडायला बसतो. शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर उपटणंच बरोबर आहे. त्याला वाफा मोकळा करून पुढचं पीक घ्यायचं असतं, शिवाय मुळं असली की जुडी लवकर कोमेजत नाही. घरच्या कुंडीत मात्र ही घाई कशाला? चुक्याचा बुडखा मातीत राहू दिला तर तो पुन्हा फुटतो आणि एका पेरणीत तीन-चार वेळा भाजी देतो. बरीच वर्षं गॅलरीत चुका लावल्यावर माझं ठाम मत झालंय की पालेभाज्यांत इतक्या कमी जागेत इतकी चव देणारी दुसरी भाजी नाही. चव हा शब्द मुद्दाम वापरला आहे. पोत्यानं भाजी हवी असेल तर मेथी-पालक लावा. मूठभर पानांनी अख्खं पातेलं आंबट करायचं असेल तर चुका.

आधी झाड नीट बघू या

चुक्याचं शास्त्रीय नाव रुमेक्स व्हेसिकेरियस. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली ते दिलं. लॅटिनमध्ये 'व्हेसिका' म्हणजे फुगीर पिशवी, आणि झाडाला फळ धरलं की हे नाव का पडलं ते लगेच कळतं. ज्या कुलात चुका येतो त्या पॉलिगोनेसीला मराठीत 'चुक्र कुल' म्हणतात, म्हणजे सगळ्या कुटुंबाचं नाव आपल्या या आंबट भाजीवरून पडलं आहे. उत्तरेकडे उपासाला खातात तो कुट्टू याच कुलातला, आणि विलायती मुरंब्यात पडणारी रुबार्बही.

हे झाड मूळचं कोरड्या मुलखातलं: उत्तर आफ्रिका, अरबस्तान, तिथून अफगाणिस्तानापर्यंत. वाळवंटात पाऊस पडून गेला की ते उगवतं, भराभर वाढतं आणि ऊन तापायच्या आत बी टाकून मोकळं होतं. एवढं ध्यानात ठेवलं तर लागवडीतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. पानं जाड आणि पाणीदार का, तर ओल साठवायला. मार्च उजाडताच झाड तुरे का काढतं, तर त्याच्या हिशेबी आता वाळवंट तापणार आहे. मुळाशी पाणी साचलं की ते का कुजतं, हे तर सांगायलाच नको.

एक रोप उपटून उजेडात धरा. देठ जिथे खोडाला मिळतो तिथे, खोडाभोवती कांद्याच्या आतल्या सालीहून पातळ अशी पारदर्शक बाही गुंडाळलेली दिसेल. सदऱ्याच्या बाहीसारखी ती पेराला वेढून असते. चुक्र कुलाची ही मोठी खूण. नवा फुटवा या बाहीच्या आतून, देठाच्या बगलेतून निघतो. पुढे खुडणीच्या वेळी कात्री कुठे लावायची हे इथेच ठरतं, म्हणून ही बाही एकदा डोळ्यांनी बघून ठेवा.

पान अंडाकृती ते त्रिकोणी, देठ लांब, शिरा बुडापासून फाकलेल्या. पानावर किंचित राखाडी झाक असते आणि पान मोडलं की कट्‌कन आवाज होतो. फुलं अगदी लहान, हिरवट-लालसर, तुऱ्यावर झुबक्यांनी येतात. त्यांना डौलदार पाकळ्या नसतात. त्यांच्या जागी सहा लहान दलं असतात, त्यांना परिदलं म्हणतात, तीन-तीनच्या दोन वलयांत. परागीभवन वाऱ्यानं होतं. फळ धरू लागलं की आतली तीन परिदलं वाढत जातात, पतंगाच्या कागदासारखी होतात आणि त्यांत गुलाबी-लाल शिरांची जाळी दिसते. आत तीन कडांचं, तपकिरी, चकचकीत बी. कागदी पंखांमुळे ते वाऱ्यावर लांब जातं. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात हे झाड असंच पसरलं आणि आज तिथे ते तण म्हणून गणलं जातं.

चुका घेताना किंवा ओळखताना होणारे घोळही इथेच मिटवू. पालकाचं पान गडद आणि मोठं असतं, चवीला आंबट नसतं. चाकवताच्या पानाखाली, विशेषतः कोवळ्या शेंड्यावर, पांढरट पिठूळ थर असतो. अंबाडी म्हणजे तेलुगूतली गोंगुरा, ती जास्वंदाच्या घराण्यातली. चुक्याला तेलुगूत चुक्ककूरा म्हणतात आणि तमिळमध्ये सुक्कान कीरै. कुंडीत आपोआप उगवणारी तीन हृदयाकृती पानांची अंबुशी पुन्हा तिसऱ्याच कुलातली. तिन्ही आंबट, पण एकमेकांच्या कोणी नव्हेत.

बी, माती आणि वेळ

चुक्याचं बी बियाण्यांच्या कोणत्याही दुकानात मिळतं. पाकीट घेताना तळहातावर थोडं ओतून बघा. बी तीन कडांचं, बारीक आणि चकचकीत असायला हवं. मला एकदा चुका म्हणून दिलेल्या पाकिटातून पालक उगवला होता, तेव्हापासून मी बी बघितल्याशिवाय घेत नाही. पालकाचं बी खडबडीत, गाठीसारखं असतं. फरक एका नजरेत कळतो. काही वेळा बी कागदी टरफलासकट मिळतं. ते हातावर हलकेच चोळून फुंकर मारली की पंख उडून जातात. टरफलासकट पेरलं तरी उगवतं, पण दाट-विरळ होतं.

भांडं उथळ चालेल, पण पसरट हवं. फळांचा प्लॅस्टिक क्रेट, थर्माकोलचा खोका किंवा सहा ते आठ इंच खोलीची लांबट कुंडी घ्या आणि तळाला भोकं पाडा. मातीचं माझं प्रमाण असं: दोन भाग बागेची माती, एक भाग मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाडसर वाळू. वाळू नसेल तर कोकोपीट घ्या, मात्र मग पाणी देताना हात आखडता ठेवा. काळी चिकण माती एकटी वापरू नका. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानात चुका छान येतो हे खरं आहे, पण तिथे ओल खाली निघून जायला फूटभर खोली असते. कुंडीत तीच माती घट्ट बसते.

पेरणीचा उत्तम काळ ऑक्टोबर ते जानेवारी. दसऱ्याच्या सुमारास पहिली ओळ टाका आणि पुढे दर तीन आठवड्यांनी एक-एक नवी ओळ टाकत जा. म्हणजे सगळा चुका एकदम तयार होऊन शेजारी वाटत फिरावं लागत नाही. पावसाळ्यात लावायचा झाला तर कुंडी छपराखाली ठेवा. उघड्यावर सततच्या सरींनी पानं चिखलानं माखतात आणि बुडखा सडतो. उन्हाळ्यात दुपारची सावली मिळाली तर एखादी खुडणी होते, त्यापुढे झाड फुलण्याच्याच मागे लागतं. हिवाळ्यात दिवसाचं चार-पाच तास ऊन पुरतं.

पेरणीपासून पहिल्या खुडणीपर्यंत

आदल्या संध्याकाळी कुंडीतली माती भिजवून ठेवा. सकाळी बोटानं अर्धा सेंटीमीटर खोल रेघा पाडा, दोन रेघांत चार बोटांचं अंतर ठेवा. बी कोरड्या वाळूत मिसळून चिमटीनं सोडा. वाळूमुळे हात दाट पडत नाही. वर चाळलेल्या खताचा पातळ थर द्या आणि तळहातानं हलकं दाबा. बी जास्त खोल गेलं तर अंकुर वर येत नाही, हीच चूक सगळ्यात जास्त होते.

उगवण होईपर्यंत वर ओलं गोणपाट टाकून ठेवतात. मीही टाकते, पण चौथ्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ ते उचलून बघते. पहिला हिरवा ठिपका दिसताच गोणपाट काढा. एक दिवस उशीर झाला तरी अंकुर पिवळे आणि लांबुडके होतात आणि ते पुन्हा सुधारत नाहीत. साधारण सहा ते दहा दिवसांत सगळं उगवून येतं.

पाणी बारीक भोकांच्या झारीनं, सकाळी. बोट मातीत एक पेर घालून बघा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. रोपं उगवल्यावर पहिल्या पंधरवड्यात बुंध्याशी सडून कोलमडतात ती बहुतेक वेळा जास्त पाण्यानं आणि दाटीनं. म्हणून दोन खरी पानं आली की विरळणी करा. दोन रोपांत तीन-चार बोटं अंतर राहील अशा बेतानं मधली रोपं कात्रीनं कापा. उपटली तर शेजारच्याची मुळं हलतात. कापलेली इवली रोपं धुऊन कोशिंबिरीत टाका. चिंच-लिंबाशिवाय कोशिंबीर आंबट होते आणि त्या कोवळ्या पानांना पुढच्या भाजीत न मिळणारी हिरवी ताजी चव असते.

तिसऱ्या आठवड्यात मूठभर गांडूळखत मुळांपासून थोडं लांब पसरा. युरियाच्या मागे लागू नका. नत्राचा मारा झाला की पानं लुसलुशीत होतात, आणि लुसलुशीत पानांवर मावा बसतो.

बाजारच्या जुडीतली रोपं लावता येतात का, असं बरेचदा विचारतात. येतात. जुडी त्याच सकाळची आणि मुळं ओलसर हवीत. बाहेरची सगळी पानं भाजीला काढून घ्या, मधली बोटभर कोंब-पानं ठेवा, मुळांची टोकं छाटा आणि संध्याकाळी लावा. तीन दिवस सावलीत ठेवा. सगळी जगत नाहीत, पण जी तग धरतात ती दोन-तीन आठवड्यांत पानावर येतात. बी मिळत नसेल तर हा मार्ग चांगला आहे.

खुडणी

पेरल्यापासून पाच-सहा आठवड्यांनी झाड वीतभर होतं आणि बुडातूनच फांद्या फुटलेल्या असतात. आता मगाशी बघितलेली ती पारदर्शक बाही आठवा. जमिनीलगत अशा बाह्यांची दाटी असते आणि प्रत्येकीच्या आत एक डोळा असतो. कात्री त्यांच्या वर, मातीपासून दोन बोटं उंचीवर लावा. त्याखाली कापलं तर डोळे जातात आणि झाड फुटत नाही.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते: फक्त बाहेरची मोठी पानं देठासकट खुडायची आणि मधली चार-पाच कोवळी पानं झाडावर ठेवायची. देठ अंगठ्यानं बाहेरच्या बाजूला वाकवला की बुडाशी अलगद सुटतो. अशानं झाड जखमेतून सावरायला थांबत नाही, वाढत राहतं. एकदम पातेलंभर भाजी हवी असेल तर पहिली पद्धत, वरणात-आमटीत रोज मूठभर टाकायची असेल तर दुसरी.

खुडणी झाल्यावर त्या दिवशी पाणी देऊ नका, कापलेल्या जागा सुकू द्या. दुसऱ्या दिवशी खत आणि पाणी. दहा-पंधरा दिवसांत पुन्हा खुडायला तयार. तिसऱ्या खुडणीनंतर पानं लहान होऊ लागतात.

रोग-किडींबद्दल थोडक्यात. मावा दिसला तर पानाच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा द्या. दोन दिवसांनी पुन्हा दिसला तर एक लिटर पाण्यात पाच मिलि कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थोडे थेंब घालून संध्याकाळी फवारा, आणि त्यानंतर निदान चार-पाच दिवस पानं खुडू नका. पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. तिच्यावर फवारणी वाया जाते, कारण अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये असते. ते पान तोडून टाकणं हाच उपाय.

पातेलं कोणतं?

चुक्याचा आंबटपणा मुख्यतः ऑक्झॅलिक आम्ल आणि त्याच्या क्षारांचा आहे. स्वयंपाकघरातले चुक्याचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात चुका कधीच शिजवू नका, आम्लात धातू उतरतो. लोखंडी कढईत भाजी काळी पडते आणि तिला धातूची चव येते. अ‍ॅल्युमिनियमही टाळा. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं किंवा मातीचं भांडं उत्तम. उलट, निवडल्यावर उरलेले जाड देठ फेकू नका. चिमूटभर मीठ लावून पितळी तांब्यावर चोळा, चिंचेनं घासल्यासारखा लखलखतो. पूर्वी युरोपात अशाच आंबट पानांच्या झाडांपासून मिळणारा क्षार शाईचे आणि गंजाचे डाग काढायला वापरत.

दुसरा नियम डाळीचा. डाळ आणि चुका एकत्र कुकरला लावला तर डाळ शिजत नाही. आम्लामुळे डाळीच्या पेशींची भिंत मऊ पडायला वेळ लागतो. पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणा बोटाखाली टचटचीत राहतो आणि एकदा असं झालं की मग कितीही उकळा. डाळ आधी पूर्ण शिजवा, चुका नंतर.

तिसरा रंगाचा. पोपटी पानं आचेवर पडताच खाकी होतात, हे आम्ल आणि उष्णता यांचं काम आहे. सोडा घालून हिरवा रंग राखायच्या फंदात पडू नका, सोड्यानं आंबटपणाच मरतो. चुक्याची भाजी खाकीच असते.

लसणाच्या फोडणीची पातळ भाजी

चार माणसांना दोन मध्यम जुड्या, म्हणजे निवडून साधारण पाव किलो पानं आणि कोवळे देठ लागतात. पाव किलो म्हटल्यावर परात भरते, पण शिजल्यावर वाटीभर उरतो, तेव्हा घाबरू नका.

पाव वाटी हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवून, पाव वाटी शेंगदाण्यांबरोबर कुकरला मऊ शिजवा. डाळ अख्खी दिसली पाहिजे पण दाबली की फुटली पाहिजे. चुका तीन पाण्यांतून धुवा. शेवटच्या पाण्यात तळाला माती दिसली तर चौथ्यांदा धुवा. चिरायची गरज नाही. पातेल्यात पानं आणि तीन-चार हिरव्या मिरच्या घाला, पाणी अजिबात नको. मंद आचेवर झाकण ठेवा. चार-पाच मिनिटांत झाकण उघडलं की पानं स्वतःच्याच पाण्यात विरघळून लगदा झालेली असतात. पालेभाज्यांत इतक्या झटपट विरघळणारी मी दुसरी पाहिली नाही.

आता रवीनं घोटा. दोन चमचे डाळीचं पीठ अर्धी वाटी पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि घोटलेल्या चुक्यात ओता, ओतताना रवी फिरवत राहा. शिजलेली डाळ-शेंगदाणे, दीड-दोन वाट्या गरम पाणी, हळद, मीठ घाला. सहा-सात मिनिटं उकळू द्या. पिठाचा कच्चा वास जाऊन वर चकाकी आली की सुपारीएवढा गूळ टाका. गूळ गोड करायला नाही, आंबटाची धार बोथट करायला असतो. जिभेवर गूळ कळला तर जास्त झाला.

फोडणी शेवटी आणि वरून. लहान कढल्यात दोन चमचे तेल तापवा, मोहरी, जिरं, हिंग, मग आठ-दहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या. लसूण बदामी झाला की दोन सुक्या मिरच्या मोडून टाका आणि लगेच भाजीवर ओतून झाकण दाबा. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर खायची, शेजारी कच्चा कांदा.

याच भाजीत डाळीच्या पिठाऐवजी घोटलेलं ताक घालून चाकवत-चुका एकत्र करतात. चाकवत सौम्य, चुका तिखट-आंबट, जोडी छान जमते. चुक्यात लहान काटेरी वांगी चिरून घातली तर वांग्याचा लिबलिबीतपणा जाऊन भाजीला बांधा येतो. नांदेड-सोलापूरकडच्या ज्या घरांत मराठी-तेलुगू दोन्ही बोलतात तिथे शिजवलेल्या तूरडाळीत चुका घोटून पप्पू करतात, त्यात गूळ नसतो, लाल तिखट आणि लसूण भरपूर असतो. आणि कच्ची चटणी: मूठभर पानं, भाजलेले शेंगदाणे, लसूण, हिरवी मिरची, मीठ, पाट्यावर भरड वाटलेली. पाणी नको, पानांचंच पुरतं.

लग्नाच्या पंगतीतल्या अळूच्या भाजीत चुका का असतो, हेही सांगायला हवं. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, घशाला खाज सुटते ती त्यांच्यामुळे. म्हणून अळू नीट शिजवायचा आणि त्याला आंबट घालायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. चिंचही चालते, पण चुका घातला की फदफद्याला एकजीव बुळबुळीत घट्टपणा येतो. आठ-दहा मोठ्या पानांना एक लहान जुडी चुका पुरे.

उरलेला चुका ओल्या प्लॅस्टिक पिशवीत कोंबू नका, दुसऱ्या दिवशी बुळबुळतो. न धुता, कोरड्या पंचात गुंडाळून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. जास्त असेल तर वाफवून, घोटून बर्फाच्या साच्यात गोठवा. आमटीत एक-एक खडा टाकायला सोयीचं.

कोणी जपून खावा

ज्यांना कॅल्शियम ऑक्झॅलेटचे मुतखडे झाले आहेत किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी चुका टाळावा. अळू-चुक्याची भाजी तर नकोच, कारण दोन्हींत ऑक्झॅलेट आहे. इतरांनी आठवड्यातून एखाद-दोन वेळा बिनधास्त खावा. जेवणात ताक-दही ठेवावं. त्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधून ठेवतं आणि ते रक्तात कमी उतरतं. ताकातला चुका चवीला चांगला लागतो तसा अंगालाही सोसतो तो यामुळे. पानं उकळून पाणी फेकलं तर ऑक्झॅलेट कमी होतं, पण आंबटपणाही त्याच पाण्याबरोबर जातो, मग चुका खायचा कशाला? त्यापेक्षा कमी खा. रिकाम्या पोटी पानांचा रस पिण्याचे सल्ले फिरत असतात, ते मानू नका. आयुर्वेदाच्या निघंटूंत, म्हणजे औषधी द्रव्यांच्या कोशांत, चुक्र म्हणजे चुका रुचकर आणि वातहर सांगितला आहे, पण पित्त वाढवणाराही सांगितला आहे. हा दुसरा भाग सांगायचं बरेचजण विसरतात.

थंड मुलखातले बारमाही भाऊबंद

आपला चुका हंगामी. पण याच रुमेक्स प्रजातीत वर्षानुवर्षं जगणाऱ्या जाती आहेत, आणि परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांना त्या दारातच मिळू शकतात.

रुमेक्स अ‍ॅसिटोसा, म्हणजे तिकडचं सॉरेल, चवीला चुक्याच्या सगळ्यात जवळ. फ्रान्समध्ये त्याचं सूप करतात, युक्रेन-रशियात हिरवा बोर्श्त. वसंतात बी पेरून फूटभर अंतरावर एकेक रोप ठेवा. पहिल्या वर्षी हात आवरा, दुसऱ्या वर्षापासून थंडी ओसरल्यापासून पुढची थंडी पडेपर्यंत पानं मिळतात. फुलाचा दांडा दिसताच बुडातून कापा, नाहीतर पानं थांबतात. तीन-चार वर्षांनी बुडखा खणून फावड्यानं दोन-तीन भाग करून पुन्हा लावायचा. वर दिलेली पातळ भाजी या पानांची अगदी तशीच होते, फक्त गूळ चवीप्रमाणे. दोन गोष्टी सांभाळा. कॅरिबियन दुकानात 'सॉरेल' म्हणून जे लाल काही मिळतं ती आपल्या लाल अंबाडीची बोंडं, चुका नव्हे. आणि रानातून खुडणार असाल तर ब्रिटनमधल्या अ‍ॅरम मॅक्युलेटमची कोवळी पानंही बाणाच्या आकाराची असतात, ती अळूच्या कुलातली आणि विषारी आहेत. सॉरेलच्या पानाच्या बुडाची दोन टोकं अणकुचीदार आणि देठाकडे मागे वळलेली असतात, पानही अरुंद असतं. अ‍ॅरमचं पान रुंद, चकचकीत, त्यात शिरांचं जाळं असतं आणि बुडाचे कान जास्त बोथट असतात. चाखून खात्री करायला जाऊ नका. शंका आली तर सोडून द्या.

रुमेक्स पेशन्शिया हा आणखी दणकट. पुरुषभर वाढतो, पानं हातभर लांब आणि आंबटपणा कमी, पालकाकडे झुकणारा. तुर्कस्तानात त्याला लबादा म्हणतात आणि पानांत भात-खिम्याचं सारण भरून वळ्या करतात. अळू न मिळणाऱ्या गावी अळूवडीसाठी हे पान वापरून बघण्यासारखं आहे. कोवळं घ्या, मधली शीर लाटण्यानं दाबून घ्या, आणि पानात आंबट कमी म्हणून पिठात चिंच नेहमीसारखीच घाला. वसंतात इतर काही उगवायच्या आत हा तयार असतो, हे त्याचं मोठं सुख.

हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांना रुमेक्स नेपालेन्सिस नक्की दिसतो. बिच्छू घास लागून हाताची आग झाली की तिथली माणसं याचंच पान चुरडून चोळतात, ब्रिटनमध्येही नेटल ही खाजरी वनस्पती लागली की डॉकचं, म्हणजे तिकडच्या रुमेक्सचं, पान चोळायची तीच रीत. कुमाऊं-गढवालच्या उतारांवरचा भिलमोडा, म्हणजे रुमेक्स हॅस्टेटस, त्याची पानं मिठाबरोबर चटणीला. आपल्याकडे नद्या-तलावांच्या काठी हिवाळ्यात उगवणारा जंगली पालक, रुमेक्स डेंटेटस, हाही याच गोतातला, पण शहरातल्या नदीकाठचा खुडू नका. त्या पाण्यात काय सोडलेलं असतं ते आपल्याला माहीत आहे.

बारमाही जाती लावताना एक पक्कं लक्षात ठेवा, बी गळू देऊ नका. विल्यम बील या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७९ साली मिशिगनमध्ये वेगवेगळ्या तणांचं बी बाटल्यांत भरून पुरून ठेवलं होतं. ८० वर्षांनी उकरलेल्या बाटलीतून ज्या थोड्या जातींचं बी उगवलं त्यांत रुमेक्स क्रिस्पस होता. मुळंही खोल जातात आणि तुकडा राहिला तर फुटतो. त्यामुळे अंगणाच्या कोपऱ्यात, कडेला विटा लावून, किंवा मोठ्या कुंडीतच लावा.

घरचं बी

हंगामी चुक्याचं बी मात्र जरूर धरा. तिसऱ्या खुडणीनंतर सगळ्यात उशिरा तुरा काढणारी दोन-तीन झाडं निवडून राखा. लवकर फुलणाऱ्यांचं बी ठेवलं तर पुढच्या वर्षीची झाडंही लवकर फुलायला लागतात. राखलेल्या झाडांची पानं आता खुडू नका. तुरे आधी हिरवे, मग गुलाबी होतात, तेव्हा गॅलरीत फुलझाड लावल्यासारखं दिसतं. गुलाबी असताना कापायचा मोह आवरा, बी अजून दुधात असतं. कागदी पंख वाळून गवती रंगाचे झाले आणि हात लावताच सुटू लागले की सकाळी दव असतानाच तुरे कापा, नाहीतर निम्मं बी वाऱ्यावर जातं. चार दिवस सावलीत सुपात पसरून वाळवा, तळहातावर चोळा, पाखडा. तीन कडांचं तपकिरी बी सुपात खाली राहील. राखेची चिमूट घालून काचेच्या बाटलीत भरा आणि चिठ्ठीवर नाव आणि महिना लिहा. दसऱ्याला लागेल.